कोंबड्यांनी वर्तुळात जमावे

घारीने कोंबडी उचलून नेली, तर चारचौघांच्या घरी "अरेरे" म्हणतात आणि चहा टाकतात. सेफ्टीसाहेबांच्या घरी चौकशी समिती बसली. समितीचे अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, आणि एकमेव साक्षीदार म्हणजे साहेबांची बायको. ती त्या वेळी अंगणात दोरीवर चादर वाळत घालत होती आणि सगळा प्रकार तिने डोळ्यांनी पाहिला होता.

"नेमकं काय घडलं, क्रमाने सांग," साहेब म्हणाले.

"वरून आली, उचलली, गेली."

"त्याआधी?"

"त्याआधी कोंबडी होती."

"कोंबडीने सावधगिरीचे कोणते उपाय योजले होते?"

"अहो," बायको म्हणाली.

हा 'अहो' नीट समजून घ्यायला हवा. तिच्याकडे 'अहो'चे बरेच प्रकार होते. लांबवलेला, दमलेला 'अहो' म्हणजे पुरे करा आता. पाहुण्यांसमोरचा दबका 'अहो' म्हणजे विषय बदला. आणि तुटक, वरच्या पट्टीतला 'अहो' म्हणजे जिथे उभे आहात तिथून आधी हला, कारण मागाहून सांगते. दूध उतू जायला लागलं, पाठीमागून स्कूटर आली, कपाटावरची पेटी घसरली, की हा तिसरा 'अहो' यायचा आणि साहेब एक शब्द न विचारता बाजूला उडी मारायचे. आत्ताचा होता पहिला. समितीचं कामकाज तिथेच आटोपलं.

साहेबांनी उभा जन्म एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढला होता. लोकांना हेल्मेट घालायला लावणं, भिंतीवर सूचनांचे फलक लावणं, आणि अधूनमधून शिट्टी फुंकून आग लागल्याची रंगीत तालीम घेणं, हे त्यांचं काम. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना त्यांची ती पितळी शिट्टी भेट दिली. आता वाजवायचीच असेल तर घरी वाजवा, असा त्यामागचा उदात्त हेतू असावा. केशरी दोरीतली ती शिट्टी साहेबांच्या गळ्यात कायम असे. कॉलनीत कुणी दिवा बदलायला स्टुलावर चढला की साहेब जिथे असतील तिथून शिट्टी फुंकत आणि ओरडत, "शिडी! शिडी घ्या!" सेफ्टीसाहेब हे नाव त्यांना कॉलनीने दिलं, आणि ते आपल्या गौरवार्थ आहे अशी त्यांची समजूत होती.

पण खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर त्यांचं ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. सकाळी ते पेपरातल्या अपघाताच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवत आणि प्रत्येक बातमीनंतर "बघ, टाळता आला असता" म्हणत. बायको "हं" म्हणायची. पेपर तिच्या हाती लागायचा तो संध्याकाळी, भाजी निवडण्यापुरता. म्हणून साहेबांनी कोंबड्या पाळल्या. त्या निदान मान वाकडी करून ऐकल्यासारखं तरी करत. सगळ्यांत पुढे हेडबाई, जी दुसऱ्या कोंबड्यांना चोची मारून शिस्त लावायची. मग कॅशियर, जिच्या तावडीत गेलेला दाणा परत कुणाला दिसत नसे. मग दोन जुळ्या. आणि सगळ्यांत मागे लंगडी.

लंगडीचा एक पाय जन्मापासून वाकडा. साहेब पेपर वाचायला बसले की ती उड्या मारत यायची आणि त्यांच्या चपलेवर पाय दुमडून बसायची. मग साहेब पाय हलवत नसत. पाय बधिर व्हायचा, मुंग्या यायच्या, पण हलवत नसत. साहेबांचा जीव होता त्या कोंबडीवर. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं.

घारीने नेली ती यांच्यातली नव्हे, सहावी. ती गेल्याची खबर लागताच दुसऱ्या दिवशी मेहुणा हजर. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दुःखात सांत्वनाला आणि सुखात जेवायला न बोलावता येणारा माणूस.

"दाजी, फार वाईट झालं," तो खुराड्यात डोकावत म्हणाला. "चांगली भरलेली होती हो. घारीच्या पोटात फुकट गेली." मग उरलेल्या पाचही जणींकडे त्याने ज्या मायेने बघितलं, ते बघून साहेबांनी खुराड्याचं दार लावून घेतलं.

पण घाव बसला तो भलतीकडून. बायको बाहेर आली आणि पदराला हात पुसत म्हणाली, "मी एकदाच सांगते. आपण पाळायच्या, आपण नावं ठेवायची, आणि डोळ्यांदेखत उचलून नेऊ द्यायच्या, हे माझ्याने व्हायचं नाही. रात्रभर मला डोळ्यासमोर तेच दिसत होतं. अजून एक जरी गेली ना, तर उरलेल्या सगळ्या याच्या घरी. याच्याकडे बंद शेड आहे."

"याच्याकडे मोठं पातेलंही आहे," साहेब म्हणाले.

"ताई, दाजींना गंमत सुचते बघ," मेहुणा म्हणाला, पण पातेलं नाही असं काही म्हणाला नाही. उलट जाता जाता त्याने एक उपाय सुचवला. त्याच्याकडे छऱ्याची बंदूक होती. "एक छर्रा दाजी. विषय संपला."

साहेब ताठ उभे राहिले. "जे काही होईल ते कायद्याने होईल आणि माणुसकीने होईल."

"घारीला माणुसकी?"

"आपल्यात आहे ना? मग झालं."

वाक्य चांगलं होतं. बायकोनेसुद्धा क्षणभर कौतुकाने बघितलं. पुढचे सगळे भोग या एका वाक्यामुळे भोगावे लागले.

घारीचं घरटं शेजारच्या वकीलकाकांच्या निलगिरीवर होतं. वकीलकाकांनी आयुष्यभर वकिली केली, पण अशील कधी टिकला नाही. म्हातारपणी हे घरटं झाडावर आलं आणि त्यांना पहिल्यांदाच पक्का अशील मिळाला. साहेब नुसते कुंपणापाशी गेले तर काका खुर्चीतूनच म्हणाले, "घरट्यात पिल्लू आहे. झाडाला हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, फटाका वाजवायचा नाही. माझी अशील निसर्गनियमाने वागतेय."

"तुमच्या अशिलाने माझी कोंबडी नेली, काका."

"आरोप आहे तुमचा. चोचीचे ठसे घेतलेत का?"

तेव्हा साहेबांनी कायद्याचा रस्ता धरला. कायद्याचा रस्ता म्हणजे वनखात्याचं कार्यालय. खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तक्रार पक्ष्याविरुद्ध आहे की पक्ष्याच्या वतीने?"

"कोंबडीच्या वतीने. घारीविरुद्ध."

"कोंबडी वनात राहते?"

"अंगणात."

"मग कोंबडी आमची नाही. घार आमची. घारीला काही झालं तर या."

पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले, तर तिथल्या डॉक्टरांनी कोंबडीला झालंय काय ते विचारलं. साहेब म्हणाले, अजून काही झालेलं नाही, होऊ नये म्हणून आलोय. डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि शिपायाला पाणी आणायला पाठवलं. बाहेर पडल्यावर साहेबांच्या लक्षात आलं, की पाणी आपल्यासाठी मागवलं होतं.

शेवटी त्यांनी स्वतःच अंगणावर जाळी टाकायची ठरवली. आता हा विचार, सांगायला हरकत नाही, शहाणपणाचा होता. त्यामुळेच तो टिकला नाही. सुतळीची भक्कम जाळी आणली, एक टोक भिंतीच्या खिळ्याला बांधलं, दुसरं आंब्याच्या फांदीला बांधायला निघाले. शिडी होती माळ्यावर. माळ्यावर चढायला शिडी लागते. तेव्हा फक्त एवढ्यापुरतं, म्हणून साहेब स्टुलावर चढले.

पुढचं कॉलनीने मन लावून पाहिलं. स्टूल एका बाजूला गेलं, साहेब दुसऱ्या बाजूला, आणि मधे जाळी. साहेब जमिनीवर पडले नाहीत, त्याबद्दल जाळीचे आभारच मानायला हवेत. ते जमिनीपासून हातभर उंचीवर, एक पाय आणि एक कान जाळीत अडकलेल्या अवस्थेत हलकेच झोके घेत राहिले. तेवढ्यात कुंपणापलीकडून वकीलकाकांचा आवाज आला, "शिडी! शिडी घ्या!" मग दुसऱ्या गच्चीतून कुणीतरी तेच म्हणालं. मग तिसऱ्या. कित्येक वर्षांची उधारी कॉलनीने त्या दुपारी चुकती केली. बायकोने कात्रीने त्यांना सोडवलं, आणि सोडवताना हसायचं नाही म्हणून ओठ इतके दाबून धरले होते की साहेबांना तेच जास्त लागलं.

कापून उरलेली जाळी कशीबशी टांगली, तर नगरपालिकेचा माणूस आला. अंगणावर छत घातलंय अशी खबर होती.

"छत नाही, जाळी आहे," साहेब म्हणाले. "आरपार आभाळ दिसतं."

"दिसतं ते ठीक आहे. पण डोक्यावर आहे ना? चार बाजू बांधून डोक्यावर काही आलं की ते वाढीव बांधकाम."

"पावसाचं पाणीसुद्धा अडत नाही हो त्यात."

"म्हणजे निकृष्ट बांधकाम," माणूस म्हणाला आणि जाळी उतरवून होईपर्यंत चहा पीत बसला.

सल्ले मात्र वाढतच गेले. कुणी म्हणालं, जुन्या सीडी टांगा, चमकल्या की घार बिचकते. साहेबांनी टांगल्या, त्यात मेहुण्याच्या लग्नाची सीडी निघाली, आणि बायको दोन दिवस बोलली नाही. घारीने एका सीडीत स्वतःला नीट निरखून घेतलं, एवढाच तिचा उपयोग. कुणी म्हणालं, बुजगावणं उभं करा. साहेबांनी स्वतःचा जुना गणवेश काठीवर चढवला, वर पिवळं हेल्मेट ठेवलं. कुरिअरवाल्याने त्याच्याकडे दोनदा सही मागितली. बायको म्हणाली, "बरं दिसतंय. मधेमधे बोलत तरी नाही." आणि घार? घारीला अंगणाच्या बरोबर मधोमध, सोईस्कर उंचीवर, गुळगुळीत गोल आसन मिळालं. ती हेल्मेटवर बसून पंख साफ करायची.

साहेबांना खरी चीड आली ती तेव्हा. आपल्या हेल्मेटवर बसते! त्या दिवशी संध्याकाळी पेपर बाजूला ठेवून ते म्हणाले, "बास. हे लोकांचे उपाय झाले. आता मी माझ्या शास्त्राप्रमाणे करणार."

बायकोने दोरीवरचे कपडे आधी काढून घेतले.

साहेबांच्या शास्त्राचा पहिला नियम म्हणजे परिसर मोकळा हवा. अंगणात कडेला एक मोडका पलंग वर्षानुवर्षं पडलेला होता, त्यावर भोपळ्याचा वेल चढलेला. बाजूला जास्वंदाची दाट झुडपं, रिकामी पिंपं, फुटक्या कुंड्या. आपत्तीच्या वेळी लोक अडखळून पडतात ते अशाच अडगळीत. साहेबांनी वेल छाटला, झुडपं तोडली, पलंग उचलून मागच्या गल्लीत नेऊन ठेवला. कोंबड्या दिवसातला निम्मा वेळ त्या पलंगाखाली काढायच्या, त्या भांबावून जागच्या जागी फिरत राहिल्या. अंगण तळहातासारखं स्वच्छ झालं. मग मधोमध चुन्याने मोठं पांढरं वर्तुळ काढलं आणि शेजारी हिरव्या रंगाचा फलक रोवला: 'शिट्टी वाजताच सर्वांनी वर्तुळात जमावे.'

"कोंबड्यांना वाचता येतं?" बायकोने विचारलं.

"कामगारांनाही सवयच लावावी लागायची."

आणि सवय लागली! शिट्टी वाजवायची आणि वर्तुळात दाणे टाकायचे. आधी कॅशियर आली, तिला दाण्याचा वास दुरून येतो. मग हेडबाई, बाकीच्यांना ढोसत. मग जुळ्या. आणि शेवटी, एकेक उडी मारत, लंगडी. आठवडा लोटला नाही तोच साहेबांनी शिट्टी तोंडाला लावायचा अवकाश, की खुराड्यातून, पायरीखालून, नळामागून, असतील तिथून पाचही जणी धावत सुटायच्या आणि वर्तुळात गोळा व्हायच्या. साहेबांचे डोळे भरून आले. साऱ्या नोकरीत एकदासुद्धा आख्खी पाळी शिट्टीवर मैदानात जमली नव्हती. निम्मे कॅन्टीनमध्ये लपायचे. व्यवस्थापक तर खिडकीतून हात करायचे.

बायको पायरीवर शेंगा सोलत बघत होती. "अहो, पण त्या उघड्यावर जमतात."

"अर्थात! डोक्यावर काही कोसळायला नको."

"कोसळते ती घारच ना? ती उघड्यावरच कोसळते."

"अगं, संकट आलं की इमारतीतून बाहेर पडून मोकळ्या जागी जमायचं, हा नियम आहे. मी ठरवलेला नाही. सगळीकडे हाच आहे."

"तो माणसांचा. आग लागल्यावरचा."

"नियम हा नियम असतो," साहेब म्हणाले. यावर काही बोलता येत नाही हे बायकोला अनुभवाने माहीत होतं. तिने पुढची शेंग घेतली.

तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली होती. शिट्टी वाजली, की पाचच जणी येत नसत. सहावीही यायची. निलगिरीवरून निघायची, एक घिरटी घालायची आणि हेल्मेटवर येऊन बसायची. एकदा तर तिने झेपच घेतली. कॅशियर तेवढ्यात दाण्यासाठी खाली वाकली म्हणून वाचली, फक्त शेपटीची पिसं गेली. साहेबांनी त्याला 'थोडक्यात टळलेली घटना' असं नाव दिलं.

"तुमच्या शिट्टीवर येते ती," बायको म्हणाली.

"योगायोग आहे."

"तुमच्या घड्याळापेक्षा वेळेवर येते."

"शिट्टीने घाबरून उडते बिचारी. दिशा चुकते तिची."

शेपटीची बातमी मेहुण्याला कुणी दिली कोण जाणे. रविवारी सकाळी तो सहज आला, आणि येताना हातात सहजच एक मोठं डालं होतं, कोंबड्या झाकून न्यायचं. "इकडूनच चाललो होतो," तो म्हणाला. त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

बायकोचा चेहरा उतरलेला होता. "अहो, पिसं गेली. उद्या मान जाईल. मला नाही बघवायचं. द्या पाठवून."

साहेबांनी पायाशी बघितलं. लंगडी चपलेवर बसून डोळे मिटत होती. तिचा तो वाकडा पाय त्या डाल्यात, आणि डाल्यापुढे पातेलं, हे सगळं त्यांना एकदम दिसलं. त्यांचा आवाज चिरकला. "आज एकदा बघ. सगळ्यांसमोर तालीम घेतो. एक जरी कोंबडी चुकली, तर मी स्वतः डाल्यात घालून देतो. पण नाही चुकली, तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही."

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

प्रेक्षक जमले. वकीलकाका अशिलाच्या वतीने खुर्ची घेऊन आले. योगायोगाने घरट्याची पाहणी करायला वनखात्याचा रक्षक आला होता, तोही कुंपणापाशी थांबला. त्याने दुर्बिणीतून बघून सांगितलं, ही साधी घार नव्हे, मोरघार. कोंबड्या उचलण्यात पटाईत. वकीलकाकांचा ऊर अभिमानाने भरून आला.

साहेबांनी प्रास्ताविक केलं. आपत्ती सांगून येत नाही, वगैरे. कारखान्यातही ते अशा वेळी दोन वाक्यं जास्तच बोलायचे, इथेही बोलले. मग शिट्टी ओठांत धरली आणि फुंकली.

काय ती शिस्त! हेडबाई, कॅशियर, जुळ्या, सगळ्या चुन्याच्या वर्तुळात, माना वर करून उभ्या. लंगडी शेवटची उडी मारून आत आली. वकीलकाकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने डालं खाली ठेवलं. साहेब प्रेक्षकांकडे वळून किंचित वाकले.

आणि वाकलेले असतानाच त्यांना चुन्याच्या पांढऱ्या रंगावरून एक काळी सावली सरकताना दिसली.

त्या क्षणी साहेबांना सगळं समजलं. स्वच्छ झाडलेलं अंगण. लपायला एक पानसुद्धा नाही. मधोमध गोल आखून, त्यात पाच कोंबड्या नीट मांडून, आपण रोज नियमाने शिट्टी वाजवून पाहुणीला जेवायला बोलावत होतो. वर फलक लावला होता. जन्मभर ज्याला त्याला "टाळता आला असता" म्हणणारा माणूस स्वतःच्या अंगणात अपघाताची तयारी करत बसला होता.

सावली लंगडीवर येत होती. साहेबांनी विचार केला नाही, वर्तुळात पालथी उडी मारली आणि लंगडीला पोटाखाली घेतलं. पुढच्याच क्षणाला त्यांच्या पाठीवर काहीतरी धपकन आदळलं आणि नख्या शर्टात रुतल्या.

आता अशा वेळी माणूस ओरडणार. साहेबही ओरडले. पण शिट्टी होती तोंडात. "फुर्रर्र! फुर्र! फुर्रर्रर्र!" अंगणभर शिट्टी घुमली, आणि पांगायच्या बेतात असलेल्या कोंबड्या निमूट परत फिरल्या. जितके साहेब ओरडत तितक्या त्या वर्तुळात घुसत. हेडबाई त्यांच्या डोक्यावर चढली. जुळ्या दोन बगलांत. कॅशियरने दाणे कुठे आहेत ते त्यांच्या कानात शोधलं. पाठीवर मोरघार, तिला वाटलं असेल की आज फारच भरगच्च वाढलंय, नेमकं काय उचलावं.

"मारू का तिला?" मेहुणा ओरडला.

"खबरदार!" वकीलकाका आणि वनरक्षक एकदम म्हणाले.

"फुर्र!" साहेब म्हणाले. माणुसकीने, असं त्यांना म्हणायचं होतं.

तेवढ्यात तो आवाज आला. तुटक, वरच्या पट्टीतला.

"अहो! शिट्टी सोडा!"

साहेबांनी तत्क्षणी तोंड उघडलं. शिट्टी सुटली. मोरघारीची नखी केशरी दोरीत अडकलेली होती. ती भरारी घ्यायला गेली तशी दोरी साहेबांच्या गळ्याला ताणली गेली, आणि चट् आवाज करून कडीतून सुटून मोकळी झाली. यंत्रात अडकली तर गळा आवळू नये म्हणून गळ्यातल्या दोरीला झटक्याने सुटणारी कडी हवी, असा नियम होता. साहेबांनी सांगितलेला एक नियम अखेर एका माणसाच्या उपयोगी पडला, आणि तो माणूस ते स्वतः निघाले. मोरघार पितळी शिट्टी घेऊन निलगिरीकडे गेली.

"अहो! इकडे!" बायको पायरीवरून हात करत ओरडली. साहेब लंगडीला छातीशी धरून रांगत निघाले ते थेट पायरीशेजारच्या कपडे धुवायच्या दगडी ओट्याखाली. आणि त्यांच्यामागे, शिट्टी नाही, दाणे नाहीत, तरी चारही कोंबड्या एका रांगेत.

ओट्याखाली पाचही जणी होत्या. एकही चुकली नव्हती. बायको वाकून बघायला आली. तिने आधी कोंबड्या मोजल्या, मग नवऱ्याचा फाटका शर्ट बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "वेडे आहात का तुम्ही? डोळा गेला असता म्हणजे?" मग भावाकडे न बघता म्हणाली, "ते डालं घेऊन जा रे. आणि पुन्हा सहज येताना रिकाम्या हाताने ये."

मेहुणा जेवायलासुद्धा थांबला नाही. त्याच्याविषयी एवढी गंभीर बातमी कॉलनीत पहिल्यांदाच ऐकली गेली.

जखमांना औषध लावून होताच साहेब कुंपणाशी गेले. शिट्टी घरट्यात होती. दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होती, पिल्लाच्या शेजारी केशरी दोरीसकट.

"ती माझी आहे. काढून द्या."

"पिल्लू उडून जाईपर्यंत घरट्यातलं काहीही हलवता येत नाही," वनरक्षक म्हणाला. "कायदा आहे."

"आणि ताबा माझ्या अशिलाकडे आहे," वकीलकाका म्हणाले. जन्मात पहिला खटला जिंकल्याचं तेज त्यांच्या तोंडावर होतं.

मोडका पलंग मागच्या गल्लीतून परत आला. तो बायकोने आणवला, साहेबांनी एक बाजू धरली आणि या वेळी पाठीला जपून उचला वगैरे काही बोलले नाहीत. भोपळ्याच्या बुंध्याला पाणी सुरू झालं. पलंगापासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून आंब्यापर्यंत दोऱ्या बांधल्या, आणि वेल दोऱ्यांवरून असा काही पसरला की निम्म्या अंगणावर हिरवं आच्छादन झालं. नगरपालिकेचा माणूस पुन्हा आला, बराच वेळ वर बघत राहिला. डोक्यावर होतं, पण त्याला फुलं आली होती. भोपळ्याला वाढीव बांधकाम म्हणायचं कलम काही त्याला आठवेना. पुढे वनरक्षकही आला, पिल्लाची पाहणी करायला. बायको त्याला पाणी द्यायला बाहेर आली, तोच निलगिरीवरून सावली निघाली.

"अहो!" बायकोने आवाज दिला.

खुर्चीत पेपर वाचणारे साहेब पेपर टाकून उठले आणि एका झेपेत वेलाखाली पलंगाच्या आड गडप झाले. त्यांच्यामागे हेडबाई, कॅशियर, जुळ्या. लंगडी तर त्यांच्या आधी आत पोचली होती. डोळ्याचं पातं लवेपर्यंत अंगण रिकामं. मोरघार एक घिरटी घालून, काहीच नाही बघून, निघून गेली.

वनरक्षकाने तोंडात बोट घातलं. "वहिनी, कोंबड्यांना काय झकास शिकवलंय हो तुम्ही!"

"कोंबड्यांना कुठे?" ती म्हणाली. "मी एकालाच शिकवलंय, लग्न झाल्यापासून. त्या आपल्या त्याच्या मागे जातात."

वनरक्षक हसत हसत गेला. बायको साहेबांच्या खुर्चीत बसली, जमिनीवरचा पेपर उचलला, झटकला आणि पहिलं पान उघडलं. वेलाखालून दबका आवाज आला, "अगं, गेली का गं ती?"

तिने वर बघितलं. आभाळ स्वच्छ होतं.

"नाही अजून," ती म्हणाली आणि पान उलटलं. "बसा थोडा वेळ."